फिल्मचा रोल आणि विमानाचा प्रवास : वाघोली ते बुद्धगया

वाघोलीच्या माणसाला विमानाचे अप्रूप नाही. लोहगावची धावपट्टी आमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर. हवाई दलाची लढाऊ विमाने आभाळ फाडत गेली, की शिक्षक फळ्यावर लिहिता लिहिता थांबतात, आवाज विरला की पुढचे वाक्य सुरू करतात. प्रवासी विमाने त्यामानाने गरीब. पोट खाली टेकवत, चाके काढून ती उतरतात आणि अंगणातली पोरे हात हलवतात. लोहगाव हे तुकोबारायांचे आजोळ. तिथे १९३९ साली इंग्रजांनी लष्करी विमानतळ उभारला आणि पुढे त्याच धावपट्टीवरून नागरी विमानेही उडू लागली. आजही पुण्याची प्रवासी विमाने हवाई दलाच्याच धावपट्टीवरून ये-जा करतात.

पण अप्रूप नसणे वेगळे आणि विमानात बसणे वेगळे. आमच्या वाघोलीची जुनी ओळख म्हणजे वाघेश्वराचे देऊळ, पिलाजी जाधवरावांची समाधी आणि दगडखाणी. नगर रस्त्याच्या कडेने खडी क्रशरची धूळ उडायची आणि त्या धुळीत आमची माणसे राबायची. ३० जून २०२१ रोजी वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली, उंच इमारती आल्या, रस्ता गाड्यांनी तुंबला. तरी खाणीवर हातोडा चालवलेल्या पिढीतली कितीतरी माणसे अशी आहेत, की ज्यांच्या डोक्यावरून जन्मभर विमाने गेली, पण ज्यांनी विमानतळाचा दरवाजा आतून पाहिला नाही. आमचे मामा त्यांतलेच. २०२४ च्या डिसेंबरात वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते पहिल्यांदा विमानात बसले. सोबत आम्ही, आमची सौभाग्यवती आणि धाकटा मुलगा. जायचे होते बुद्धगयेला. मामांच्या खांद्याला होता त्यांचा जुना रोलचा कॅमेरा. त्या कॅमेऱ्यामुळे जे शिकायला मिळाले ते वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितो.

वस्तीचा फोटोग्राफर

मामा क्रशरवर मुकादम होते. १९९० च्या सुमारास त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून यशिका एमएफ-२ हा कॅमेरा हप्त्याने घेतला. तो काळ ज्यांना आठवतो त्यांना हा कॅमेरा सांगायला नको. काळा, हलका, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, वर फ्लॅश उघडणारा आणि अंगठ्याने चाक फिरवून रोल पुढे सरकवायचा. मामा कधी स्टुडिओत शिकले नाहीत. पण वस्तीत कोणाच्या बाळाचे नामकरण असो, लग्न असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो किंवा एक जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभाकडे पायी निघालेला जथा असो, मामा हजर. पैसे घ्यायचे ते रोलचे आणि धुलाईचे. ते नसले तरी फोटो मिळायचा.

आपल्या घरांतून आजोबा-पणजोबांचे फोटो का सापडत नाहीत, याचा विचार वाचकांनी केला असेलच. फोटो काढणे ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. कष्टकऱ्याचा चेहरा कागदावर यायचा तो रेशनकार्डाला, कामाच्या पासाला, नाहीतर मेल्यानंतर घाईने कुठल्यातरी गटफोटोतून मोठा करून. वाघोलीच्या आमच्या वस्तीत आज ज्या पंधरा-वीस घरांत आईबापांचे धड फोटो आहेत, ते मामांच्या त्या कॅमेऱ्यामुळे.

पुढे मोबाईल आले आणि मामांचा कॅमेरा कपाटात गेला. मात्र २०२० च्या फेब्रुवारीत नातीचे नामकरण होते म्हणून मामांनी हौसेने एक रोल आणवला. कोडॅकचा, दोनशे क्षमतेचा, छत्तीस फोटोंचा. त्यातले अकरा फोटो काढले. अकरावा मामीचा, दारातल्या लिंबाखाली. उरलेले पंचवीस बुद्धगयेत काढायचे, असे मामीने ठरवून टाकले, कारण मार्च अखेरीस रेल्वेने गयेला जायचा दोघांचा बेत होता. पैसे बाजूला काढलेले होते. तेवढ्यात टाळेबंदी आली. आणि २०२१ साली मामी गेल्या.

रोल कॅमेऱ्यातच राहिला. आम्ही दोन-तीनदा म्हणालो, "मामा, आहे तेवढा धुऊन घेऊ." मामांचे एकच उत्तर, "रोल अजून संपला न्हाई. तिनं सांगितलंय तिथंच संपवायचा." त्यांचे गुडघे आता दीड दिवसाच्या रेल्वे प्रवासाला राजी नव्हते. म्हणून सगळ्यांनी मिळून पैसे घातले आणि पुण्याहून दिल्लीमार्गे गयेची विमानाची तिकिटे काढली. तिकिटे आली आणि मग प्रश्न उभा राहिला. विमानतळावर सामान ज्या यंत्रातून जाते, त्या यंत्राने रोल खराब होतो म्हणतात, ते खरे का?

हाडाचा फोटो आणि मामीचा फोटो

आम्ही वाणिज्य शाखेचे. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतचा. तरीही वाचून, विचारून जे समजले ते असे.

फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो, प्रकाश आत येतो आणि जिथे जिथे तो पडतो तिथल्या कणांत सूक्ष्म बदल होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. रसायनात धुतल्यावरच चित्र उमटते. म्हणजे फोटो काढल्यापासून धुवेपर्यंत ते चित्र फिल्मच्या पोटात झोपलेले असते.

क्ष-किरण हेही प्रकाशाचेच भावंड, फक्त फार ताकदीचे. कापड, कातडे, प्लास्टिकचा डबा यांतून ते आरपार जातात आणि फिल्मवर आपली खूण सोडतात. दवाखान्यात हात मोडल्यावर जो काळा कागद आपल्या हातात ठेवत, तीही फिल्मच. जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांना १८९५ साली हे किरण सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीचा हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यातून किरण सोडले. हाताची हाडे आणि बोटातली अंगठी त्या काचेवर उमटली. जगातला तो पहिल्या पहिल्या क्ष-किरण फोटोंपैकी एक. क्ष-किरण आणि फोटोची फिल्म यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनची आहे. ज्या किरणांनी हाडाचे चित्र उमटते, त्याच किरणांनी झोपलेल्या चित्रावर धुके चढू शकते.

किती धुके चढेल हे तीन गोष्टींवर ठरते. पहिली, यंत्र कोणते. विमानाच्या पोटात जाणारे मोठे सामान जोरकस यंत्रांतून जाते. तिथे न धुतलेली फिल्म टाकली, तर ती जवळजवळ वाया गेलीच समजा. आपण हातात नेतो त्या पिशवीची तपासणी जुन्या पद्धतीच्या यंत्रात सौम्य असते. मात्र आता जगभर हातसामानासाठीही सीटी स्कॅनसारखी नवी यंत्रे बसत आहेत. आपल्या देशातल्या मोठ्या विमानतळांवरही ती हळूहळू येत आहेत. पिशवीतली वस्तू चहूबाजूंनी दिसावी म्हणून ती जास्त किरण सोडतात. फिल्म बनवणाऱ्या कंपन्या सांगतात, की अशा यंत्रातून न धुतलेली फिल्म एकदाही जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, फिल्मची क्षमता. डब्यावर १००, २००, ४००, ८०० असे आकडे असतात. आकडा मोठा तितकी फिल्म प्रकाशाला हळवी आणि किरणांनाही. ८०० च्या खालची फिल्म जुन्या यंत्रातून एक-दोन वेळा गेली तर सहसा काही दिसण्यासारखे होत नाही. ८०० आणि वरची मात्र हातानेच तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट, किती वेळा. प्रत्येक फेरीचा परिणाम आधीच्या फेरीत मिळत जातो. आम्ही कारकून, म्हणून आम्हांला हे व्याजासारखे वाटले. एका हप्त्याचे जाणवत नाही, सगळे मिळून अंगावर येते. पुण्याहून जाताना एकदा, दिल्लीत विमान बदलताना पुन्हा लागली तर आणखी एक, येताना तसेच. असा चार फेऱ्यांचा हिशेब आम्ही मांडला.

एक दिलासा लक्षात ठेवण्याजोगा. धुतलेल्या निगेटिव्ह, छापलेले फोटो आणि डिजिटल कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड यांना या यंत्रांपासून धोका नाही. धोका फक्त न धुतलेल्या फिल्मला, मग ती कोरी असो वा फोटो काढलेली.

लोहगावच्या तपासणीत

पुण्याची नवी इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली. काचा, उजेड, सरकते जिने. मामा क्षणभर दारातच थांबले. मग म्हणाले, "लई फरशी घातलीय." खाणीवरच्या माणसाची नजर आधी दगडावर जाते.

आम्ही ठरल्याप्रमाणे दोन तास आधी पोचलो होतो. दोन नवे रोल कागदी खोक्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवले होते, म्हणजे दाखवायला सोपे. प्रश्न होता तो कॅमेऱ्यातल्या रोलचा. पट्ट्यावर सामान ठेवण्यापूर्वीच आम्ही तिथल्या जवानाला नमस्कार करून सांगितले, की हा रोलचा कॅमेरा आहे, आत न धुतलेली फिल्म आहे, कृपा करून हाताने तपासावा. तरुण जवान. त्याने कॅमेरा उलटसुलट पाहिला आणि विचारले, "चाचाजी, इसको खोलो." मामांनी दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला. त्यांना हिंदी फारसे येत नाही. आमच्याकडे वळून म्हणाले, "खोलला की उजेड शिरंल आन् तुझी मामी जाईल. सांग त्यांना."

आम्ही सांगितले. एवढेच सांगितले, की आत यांच्या दिवंगत पत्नीचा फोटो आहे, झाकण उघडले तर तो पुसला जाईल. जवानाने वरिष्ठांना हाक मारली. ते आले. त्यांनी झाकणाच्या छोट्या खिडकीतून आत रोल आहे हे पाहिले, एका कापडी पट्टीने कॅमेरा चहूबाजूंनी पुसला, ती पट्टी स्फोटकांचा माग काढणाऱ्या यंत्रात घातली, निकाल पाहिला आणि कॅमेरा मामांच्या हातात दिला. वरून म्हणाले, "मेरे पिताजी के पास भी ऐसा ही था." सगळे मिळून पाच मिनिटे गेली. रांगेतल्या कोणी कुरकुर केली नाही.

यावरून सांगायचे ते हे, की विनंती करण्यात लाज नाही. हाताने तपासायचे की नाही, हा अधिकार मात्र तिथल्या अधिकाऱ्याचा आहे. तो नाही म्हणाला तर वाद घालून उपयोग नाही. सुरक्षेचे काम त्याच्या शिरावर असते. येताना आम्हांला याचाही अनुभव आला. एका विमानतळावर गर्दी फार होती. तिथल्या कर्मचाऱ्याने सरळ सांगितले, सगळे यंत्रातूनच जाईल. तेव्हा रोल कॅमेऱ्यातून निघून डबीत बंद झालेला होता. पारदर्शक पिशवी पट्ट्यावरून आत गेली. मामा यंत्राच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. जणू कोणाला ऑपरेशनला आत नेले आहे.

आणखी एक. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची असल्यामुळे विमान तिथे उतरताना वा उडताना फोटो काढू नका, अशी सूचना विमानात देतात. ती पाळावी. मामांना खिडकीतून वाघोली टिपायची फार इच्छा होती. त्यांनी ती डोळ्यांनी टिपली. खाणींचे खड्डे वरून हिरव्या पाण्याच्या वाटीसारखे दिसले, असे ते आजही सांगतात.

महाबोधीच्या आवारात

गयेचा विमानतळ लहान, पण हिवाळ्यात तिथे थायलंड, म्यानमार, श्रीलंका इथून उपासकांची विमाने येतात. पांढऱ्या वस्त्रांतल्या सिंहली आयाबाया आणि भगव्या चीवरांतले भिक्खू पाहिले, की आपण एका मोठ्या घराचे लोक आहोत हे कोणी सांगावे लागत नाही.

७ जुलै २०१३ रोजी महाबोधी विहाराच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर तिथली सुरक्षा कडक झाली. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. कॅमेरा मात्र शुल्क भरून, पावती घेऊन आत नेता येतो. आम्ही गेलो तेव्हा तरी तसे होते. आमच्या मुलाने तोंड वाकडे करून मोबाईल जमा केला. मामांनी पावती वरच्या खिशात घातली. आमच्या चौघांत आता आत फोटो काढू शकणारे एकटे मामा होते. घरात ज्या कॅमेऱ्याला पोरे खेळणे म्हणत होती, त्याच कॅमेऱ्याकडे आता सगळे पाहत होतो.

सुमारे पन्नास मीटर उंचीचे ते विहार. मूळ स्थान सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेले, आजची वास्तू पाचव्या-सहाव्या शतकातली. २००२ साली ती जागतिक वारसा यादीत आली. मागे बोधिवृक्ष. जुना वृक्ष १८७६ च्या वादळात पडला. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम यांनी १८८१ साली त्याचेच रोप लावले, तो आजचा. त्याच काळात विहाराची डागडुजी झाली. १८९२ साली कनिंगहॅम यांनी महाबोधीवर पुस्तक काढले, त्यात फोटोही आहेत. तेव्हा ही जागा किती दुरवस्थेत होती आणि काय काय सापडले, हे आज आपल्याला कळते ते अशा जुन्या फोटोंमुळेही. फोटो म्हणजे नुसती हौस नव्हे, तो पुरावा असतो.

मामांनी घाई केली नाही. पंचवीस फोटो. मोबाईलवर पोरे पंचवीस फोटो एका मिनिटात काढतात. मामांना त्यासाठी दोन दिवस लागले. आधी वंदना, मग बोधिवृक्षाभोवती एक फेरी, मग एका कडेला उभे राहून ऊन कुठून येते ते पाहणे. पहिला फोटो त्यांनी विहाराच्या शिखराचा घेतला. मग पानांचा, मग पहाटेच्या धुक्यात बसलेल्या भिक्खूंचा, मग आमच्या सौभाग्यवतीचा. आत मूर्तीसमोर फ्लॅश मारायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवले. दुसऱ्या दिवशी १९८९ साली उभारलेल्या ऐंशी फुटी बुद्धमूर्तीसमोर शेवटचा फोटो घेतला. चाक पुढे सरकेना. मामा सावलीत बसले, खालचे बटण दाबून रोल सावकाश मागे गुंडाळला, डबी काढली, तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकली. त्या वेळी ते काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

फिल्म जपणारी माणसे

न धुतलेला रोल घेऊन विमानतळावर जीव मुठीत धरणारे मामा एकटे नाहीत. कोडॅकने कोडाक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म २००९ साली बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. छत्तीस फोटो. त्यांतले काही त्यांनी आपल्या मुंबईत काढले, काही राजस्थानातल्या रबारी लोकांचे. देशोदेशी विमानाने फिरून तो रोल ते अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या गावी स्वतः घेऊन गेले, कारण ती फिल्म धुणारी ती शेवटची जागा उरली होती.

आपल्या इतिहासात तर याहून मोलाची गोष्ट आहे. बाबासाहेबांचे पार्थिव ६ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीहून विमानाने मुंबईला आणले गेले. दुसऱ्या दिवशी दादरला लोटलेला जनसागर नामदेव व्हटकर यांनी चलत्चित्रणाच्या फिल्मवर टिपला. कोणा कंपनीने वा सरकारने पाठवले म्हणून नव्हे, तर पदरचे पैसे घालून. आज आपली मुले ती अंत्ययात्रा पडद्यावर पाहतात ती त्या माणसाने त्या दिवशी फिल्म मिळवली, चालवली आणि पुढे सांभाळली म्हणून. त्या दिवशी कॅमेरा नसता, तर एवढा अथांग शोक नुसता ऐकीव राहिला असता.

रोल धुतल्यावर

परत आल्यावर रोल पुण्यातल्या एका लॅबमध्ये दिला. रंगीत फिल्म धुण्याचे रसायन अडतीस अंश तापमानाला ठेवावे लागते, पहिल्या रसायनात सव्वातीन मिनिटे. वेळ आणि तापमान चुकले की रंग बिघडतो. आता हे काम करणाऱ्या लॅब मोजक्याच आहेत. हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही, म्हणून सांगतो. आज रोल हजार रुपयांच्या आसपास, धुलाई आणि स्कॅनिंगचे आम्ही पाचशे दिले. छत्तीस फोटोंचे दीड हजार, म्हणजे एका फोटोला जवळजवळ बेचाळीस रुपये. म्हणून ही रोजची गोष्ट होऊ शकत नाही, हे उघड आहे.

चार दिवसांनी लॅबवाल्याचा फोन आला. सगळे छत्तीस आले होते. २०२० मधले अकरा फिकट होते, दोन फार काळे, पण माणसे ओळखू येत होती. यंत्राने असे झाले का, हे आम्ही विचारले. तो म्हणाला, एकदा यंत्रातून गेल्याचे यात काही दिसत नाही. हे फिकेपण पावणेपाच वर्षे रोल उष्ण कपाटात पडून राहिल्याचे. फोटो काढलेली फिल्म जितकी लवकर धुवाल तितकी बरी.

लॅबवाले निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापून देतात. दुसऱ्या पट्टीत सातवा ते बारावा. मामांनी ती खिडकीशी उजेडात धरली. पाचवे चौकट मामीचे, लिंबाखाली, पदर सावरत अर्धवट हसलेली. त्याला लागून सहावे, महाबोधीचे शिखर. मधे केसाएवढी रेघ. मामा म्हणाले, "बघ, पोचली." तो फोटो आज त्यांच्या घरात लावलेला नाही. त्यांनी ती पट्टी तशीच जपून ठेवली आहे.

प्रवासाला निघताना

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा जुना कॅमेरा असेल, किंवा मुलामुलींनी नव्या हौसेने घेतला असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

शक्य असेल तर विमानतळावर जाण्यापूर्वी रोल संपवून, गुंडाळून बाहेर काढावा आणि कॅमेरा रिकामा न्यावा. मामांसारखे कारण असेल तरच भरलेला न्यावा. फिल्म हातातल्या पिशवीतच ठेवावी, मोठ्या सामानात कधीही देऊ नये. वापरून फेकायचा कॅमेरा असेल तर त्यातही फिल्म असते, हे विसरू नये. शिशाचे अस्तर असलेली पिशवी घेऊन फारसा फायदा नाही. यंत्रात ती काळी दिसते आणि पिशवी उघडून पुन्हा तपासली जाते. वेळ हाताशी ठेवून जावे आणि सामान पट्ट्यावर ठेवण्यापूर्वी विनंती करावी.

कॅमेरा आणि लेन्स हातातच न्याव्यात, मात्र देशांतर्गत विमानात हातसामान साधारण सात किलोपर्यंतच चालते. तिपाई मोठी असेल तर ती मोठ्या सामानात द्यावी. लिथियमच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र मोठ्या सामानात चालत नाहीत, त्या हातातच लागतात. मर्यादा शंभर वॅट-तासांची. नेहमीची वीस हजारांची पॉवर बँक चौऱ्याहत्तरच्या आसपास भरते, म्हणजे चालते. बॅटऱ्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. फिल्म धुण्याची रसायने विमानात नेऊ नयेत. परदेशी जाताना महागडा कॅमेरा असेल, तर निघतानाच कस्टममध्ये नोंद करून कागद घ्यावा, म्हणजे परतताना तो तिकडे विकत घेतला का, असा प्रश्न येत नाही. आणि कॅमेरा असो वा रोल, बंद गाडीत उन्हात ठेवू नये.

शेवटी एकच विनंती. या रविवारी घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडा. त्यात कुठेतरी निगेटिव्हचा लिफाफा असेल, एखादा न धुतलेला रोल असेल. रोल असेल तर उशीर न करता धुवायला द्या. निगेटिव्ह असतील तर ओल नसलेल्या जागी कागदी पाकिटात ठेवा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. जे म्हातारे माणूस त्यांतले चेहरे ओळखते, ते जवळ आहे तोवरच हे काम करून घ्या. फोटो राहतो, पण तो कोणाचा हे सांगणारे माणूस निघून जाते. आपल्या आजोबांना कोणी फोटोत धरले नाही. आपल्या आईबापांना मामांसारख्या एखाद्याने धरले आहे. ते आता आपण हातचे जाऊ देऊ नये.